विकलेली हाळी

पिंपळगाव रेणुकाईत नुसतं काकासाहेब म्हणून भागत नाही, कोणते काकासाहेब ते सांगावं लागतं. दूधवाले वेगळे, सोसायटीवाले वेगळे. मेंढरंवाले काकासाहेब म्हटलं की मात्र शाळेतलं पोरही घर दाखवतं. आता या मेंढरंवाल्या काकासाहेबांच्या दारात मेंढरू औषधालाही सापडायचं नाही. एक म्हैस, दोन शेळ्या आणि खुंटीवर टांगलेलं काळं घोंगडं, एवढाच ऐवज. कळप विकून पाच-सहा वर्षं झाली. गावाने नाव बदललं नाही, आणि काकासाहेबांनीही कधी दुरुस्ती सुचवली नाही.

माणूस उंचापुरा, बोलायला तिरसट, मनाने बरा. उभे राहिले की एका पायावर भार देतात, काठीच्या टोकावर हनुवटी टेकवतात आणि लांब कुठेतरी बघत राहतात. एसटीच्या थांब्यावर उभे राहिले तरी तसेच. बरोबरीची माणसं गाडीत चढून खिडकीतून हाका मारायला लागतात तेव्हा यांची तंद्री मोडते. "समोर काही चरत असो नसो, ह्यांची राखण चालूच," असं त्यांच्या बायकोचं, झुंबरबाईंचं म्हणणं. झुंबरबाईंच्या जिभेला धार होती, पण नवऱ्याची चेष्टा करायचा मक्ता आपल्या एकटीचा आहे, हे त्यांनी गावाला बजावून ठेवलेलं होतं.

मुलगा परमेश्वर जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात लागला, तिकडेच त्याने बिऱ्हाड केलं. त्याची मुलगी रेणू तिथेच कॉलेजात शिकते. काय शिकते ते काकासाहेबांना नीट सांगता येत नसे. पेपर, टीव्ही, सिनेमा असं सगळं मिळून काहीतरी आहे, असं ते लोकांना सांगत आणि विषय बदलत. दिवाळी झाल्यावर ही रेणू दोन सोबत्यांना घेऊन गावाकडच्या घरी, आपल्या आबांकडे, म्हणजे काकासाहेबांकडे, येऊन थडकली. एक प्रियदर्शनी, हसनाबादची, बोलली की हुकूम सोडल्यासारखी. दुसरा कल्याण, परतूरचा, गळ्यात हेडफोन अडकवून फिरणारा आणि दिवसातून मोजकंच बोलणारा. कॉलेजने त्यांना काम दिलं होतं भुताच्या सिनेमाचा ट्रेलर करायचं.

"सिनेमा कधी येणार मंग?" काकासाहेबांनी विचारलं.

"सिनेमा न्हाईच आबा. नुसता ट्रेलर करायचा. दोन मिनिटांचा."

"म्हंजी जेवण न्हाई, नुसतीच पंगतीची हाक?"

रेणू हसली. काकासाहेबांना मात्र ही गोष्ट पटली नाही. जेवण नाही तर लोकांना कशाला बोलवायचं, असं ते शेळीला पाला टाकतानाही पुटपुटत होते.

पोरांनी कामाला सुरुवात केली ती अगदी रीतसर. आधी दोन दिवस ओसरीवर लॅपटॉप मांडून दुसऱ्यांचे ट्रेलर बघितले. प्रियदर्शनी मध्येच थांबवायची, मागे न्यायची, आणि कुठे अंधार होतो, कुठे आवाज येतो, कुठे आवाज मुद्दाम गायब केलाय, ते कल्याणला लिहून घ्यायला लावायची. काकासाहेब मागे बसून बघत. माणसं जिथे घाबरायला पाहिजेत तिथे त्यांना हसू फुटे. पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसली की ते म्हणत, "ही बया रोज कपडे कुठं धूत असंल?" प्रियदर्शनीने त्यांना दोनदा गप्प बसवलं, तिसऱ्यांदा ती स्वतःच हसली, आणि त्या दिवशीच ठरलं की आपल्या ट्रेलरमध्ये भूत दाखवायचंच नाही.

मग तिघं गावात फिरली. तुम्हाला कशाची भीती वाटते, हा एकच प्रश्न. हॉटेलवाला भागवत म्हणाला, मेव्हण्याची. कोणी साप म्हणालं, कोणी शेतातला चकवा. प्रभावती नावाची एक म्हातारी होती, ती म्हणाली, अंधार पडल्यावर कोणी नाव घेऊन हाक मारली तर लगेच ओ देऊ नये. माणूस असेल तर पुन्हा हाक मारतं. दुसरं काही असेल तर एकदाच मारतं, आणि ओ दिली की झालं. हे ऐकून प्रियदर्शनीचे डोळे चमकले. तिथल्या तिथे सिनेमाचं नाव ठरलं, 'ओ देऊ नको'. एक मुलगी गावाबाहेरच्या बंद खदानीपाशी जाते, खालून हाक येते, मुलगी वळते, तिचे ओठ हलतात, आणि अंधार. बस, एवढंच.

घरी आल्यावर रेणूने आबांना म्हातारीचं बोलणं सांगितलं आणि त्यांनाही तोच प्रश्न विचारला.

"लांडग्याची वाटायची," काकासाहेब म्हणाले. "आता लांडगेच राह्यले न्हाईत. मंग भीती बी गेली."

हे खोटं होतं. पण ते रेणूला कसं कळणार.

गाडं अडलं ते हाकेपाशी. सगळा ट्रेलर त्या एका हाकेवर उभा, आणि हाक काही जमेना. कल्याणने मोबाईलवरून कोल्ह्याची कुई उतरवून आणली, ती कोल्ह्याचीच वाटली. मग त्याने रिकाम्या रांजणात तोंड घालून घुमवून बघितलं. शेजारचा माणूस भिंतीवरून डोकावला आणि म्हैस आजारी आहे का, जनावरांच्या डॉक्टरला फोन लावू का, असं विचारून गेला. झुंबरबाई जात्यापाशी बसून तूर भरडत होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता बोलून गेल्या.

"ह्यांची हाळी ऐकली असती तर रांजणात डोकं घालायची पाळी आली नसती. दोन कोसांवर ऐकू जायची."

रेणूने लगेच मान वळवली. "आबा, द्या ना."

"ते बंद हाये." काकासाहेब उठले, काठी घेतली आणि बाहेर पडले. पायात चपला आहेत की नाही हेही त्यांनी बघितलं नाही.

हाळी म्हणजे काय, हे आता थोडं सांगायला पाहिजे. मेंढरं राखणाऱ्या प्रत्येक माणसाची आपली हाळी असते. शिट्टी नाही, नाव नाही, शब्दही नाही, नुसता गळ्यातून काढलेला आवाज. काकासाहेबांची हाळी पोटातून सुरू व्हायची, अगदी खाली. मग चढत जायची, वर गेल्यावर मध्येच फाटायची, एका माणसाच्या गळ्यातून दोघं ओरडतायत असं वाटायचं, आणि शेवटी जिभेवर एक लांब थरथर घेऊन विरून जायची. वडिलांची हाळी ऐकत ऐकत पोरगं आपली हाळी काढतं, थोडी त्यांच्यासारखी, थोडी वेगळी. मेंढरं ती हाळी आईच्या दुधाबरोबर ऐकतात.

दर वर्षी दिवाळीनंतर ही माणसं कळप घेऊन दक्षिणेकडे निघायची, पार परतूरच्या काळ्या रानापर्यंत. कापूस वेचून झालेल्या वावरात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत मिळायचं, यांना धान्य. वाटेत पाण्यावर तीन-तीन कळप एकत्र यायचे. काळ्या मेंढरांचा असा गोंधळ, की कोणाचं कोणतं ते देवालाच माहीत. पाणी पिऊन झालं की तिघं गडी तीन बाजूंना जाऊन उभे राहायचे आणि एकामागून एक हाळी द्यायचे. बघता बघता त्या गोंधळातून तीन वाटा फुटायच्या आणि ज्याची मेंढरं त्याच्याकडे चालायला लागायची. काकासाहेबांनी हे आयुष्यभर बघितलं आणि दर वेळी त्यांना तेवढाच आनंद झाला. एकदा परतूरजवळ रेल्वेचं फाटक पडलं तेव्हा अर्धा कळप पलीकडे राहिला होता, मध्ये ही भली लांब मालगाडी येऊन थांबलेली. मेंढरं डब्यांखालून घुसली असती तर चेंदामेंदा. काकासाहेब अलीकडून हाळी देत राहिले, गाडी हलेपर्यंत, आवाज बसेपर्यंत. पलीकडची मेंढरं हाळीकडे तोंड करून जागच्या जागी उभी राहिली. गाडी गेल्यावर फाटकवाल्याने स्वतःच्या हाताने यांना चहा करून पाजला.

आणि झुंबरबाई. पालावर असताना संध्याकाळी लांबून हाळी ऐकू आली की त्या परातीत पीठ घ्यायच्या. हाळी जवळ येईपर्यंत पहिली भाकरी तव्यावर पडलेली असायची. किती वर्षं हे चाललं याचा हिशेब दोघांनीही कधी केला नाही.

मग परमेश्वर जालन्याला गेला. काकासाहेबांचे गुडघे बोलायला लागले. पडीक रानं उरली नाहीत, होती त्यांना तारेची कुंपणं आली. कळप हसनाबादच्या साहेबरावाला विकला. साहेबराव भावकीतलाच, वयाने लहान, मेंढरांना जीव लावणारा. आणि मेंढरं विकायची यांच्यात एक रीत आहे. विकणारा नुसता कळप हाकलून देऊन मोकळा होत नाही. तो दोन-चार दिवस घेणाऱ्याच्या मेंढवाड्यावर राहतो. आधी विकणाऱ्याने हाळी द्यायची, तिच्या पाठोपाठ घेणाऱ्याने आपली द्यायची. मेंढरं हळूहळू दुसरी ओळखायला लागतात. शेवटच्या दिवशी फक्त घेणारा हाळी देतो, विकणारा कळपाकडे पाठ करून बसतो, आणि मेंढरं त्याला ओलांडून पुढे गेली की व्यवहार पुरा. मग दोघं शपथेसाठी देवाचा भंडारा उचलतात, आणि विकणारा शब्द देतो, की आजपासून मी हाळी देणार नाही. कारण उघड आहे. त्याने कुठे रानात सहज हाळी दिली आणि जुनी मेंढरं कळप फोडून त्याच्याकडे पळत सुटली, तर घेणाऱ्याने करायचं काय?

काकासाहेब पाठ करून बसले होते तेव्हा सगळी मेंढरं पुढे गेली. एकच थांबली. भोरी. कपाळावर पांढरा ठिपका असलेली, कळपाच्या पुढे चालणारी तरणी मेंढी. तिने काकासाहेबांच्या पाठीला नाक लावलं आणि उभी राहिली. काकासाहेबांनी मागे वळून बघितलं नाही. साहेबरावाने पुन्हा हाळी दिली तेव्हा ती गेली.

तेव्हापासून त्यांनी हाळी दिली नव्हती. शब्दाला जागणारे म्हणून भावकीत त्यांचं नाव झालं. पण खरी गोष्ट त्यांनाच ठाऊक होती. भीती शब्द मोडायची नव्हती. मेंढराचं आयुष्य ते केवढं, त्यात खाटकाची गाडी दर बाजाराला दारात. आपण हाळी दिली आणि कोणीच मान वर केली नाही तर? हाळी देत नाही तोवर मेंढरं तिकडे कुठेतरी आहेत, भोरी पुढे चालते आहे, असं धरून चालता येत होतं. दिली की कळणार. रेणूने विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर हे होतं.

अंधार पडायच्या आत ते परत आले. रेणू ओट्यावर वाट बघत बसली होती.

"आबा, मी हाळी ऐकलीय ना लहानपणी? आजी म्हणती ऐकलीय. पण जालन्याला गेलो तवा मी लई लहान होते, मला आठवत न्हाई. लई आठवून बघितलं."

काकासाहेब तिच्या शेजारी ओट्यावर टेकले. त्यांना वडिलांची हाळी अजून जशीच्या तशी ऐकू यायची. आपली मात्र आपल्याबरोबर जाणार, ही गोष्ट त्यांच्या मनात आजवर आलीच नव्हती.

"कुठं करणार तुमचा ट्रेलर?" त्यांनी विचारलं.

"हसनाबादला. प्रियदर्शनीच्या गावाकडं बंद पडलेली खदान हाये. आवाज लई घुमतो तिथं."

हसनाबाद. साहेबरावाची मेंढरं त्याच माळावर चरतात. दुसरा कोणी असता तर इथेच नाही म्हणाला असता. काकासाहेब म्हणाले, "चला मंग." म्हणून झाल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. झुंबरबाईंनी चुलीवरून एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

खदान गावापासून बरीच लांब होती. दगड काढून काढून जमिनीला मोठा खड्डा पडलेला, तळाला हिरवं पाणी, कडेला बाभळी. पोरं दुपारीच पोहोचली आणि लगेच धावपळ सुरू झाली. चेहरा अंधारात जायला पाहिजे म्हणून ऊन कलायची वाट बघत प्रियदर्शनी कडेवर उभी राहून वळायचा सराव करत होती. रेणू कॅमेऱ्यामागे. कल्याण तारा ओढत सांगत होता, की आबांनी या दगडावर उभं राहायचं, तोंड खदानीकडे करायचं.

काकासाहेबांचं तोंड मात्र दुसरीकडे होतं. पलीकडच्या उतारावर काळे ठिपके पसरले होते. कळप. त्याच्या पुढे पिवळा फेटा. इतक्या लांबून चेहरा दिसणं शक्य नव्हतं, पण फेटा बांधायची ती तिरपी तऱ्हा त्यांनी लगेच ओळखली. साहेबराव.

"आबा, तयार?" रेणूने विचारलं.

नाही म्हणायची वेळ अजून गेली नव्हती. शब्द दिला होता, भंडारा उचलून दिला होता, आणि ज्याला दिला तो समोर उभा होता. काकासाहेबांनी काठी दगडाला टेकवून ठेवली. पोरीचं काम आहे, असं स्वतःला सांगितलं. मग खदानीकडे नाही, सरळ त्या उताराकडे तोंड करून त्यांनी हाळी दिली.

इतक्या वर्षांनी आवाज कसा लागेल याची धाकधूक होती. लागला. खालून निघाला, चढला, फाटला, आणि खदानीने तो उचलून दहा दिशांनी परत दिला. बाभळीवरचे पक्षी उडाले. प्रियदर्शनी सरावलेली असूनही खरोखरची दचकली आणि कडेवरून दोन पावलं मागे सरली. कल्याणच्या हातावर काटा उभा राहिला होता, तो त्याने रेणूला नुसता हात पुढे करून दाखवला. शेवटची थरथर विरली तसं सगळं चिडीचूप झालं.

उतारावरचा पिवळा फेटा जागच्या जागी थांबला होता. मेंढरं चरत होती. काकासाहेब एकेक ठिपका बघत राहिले. एकही मान वर झाली नाही.

"आबा, अजून एकदा देता का? खदानीकडं तोंड करून?"

"न्हाई. एकदाच." त्यांनी काठी उचलली. "तुपल्या त्या म्हातारीनं सांगितलं न्हाई का, एकदाच असती म्हून."

पोरांना वाटलं आबा गंमत करतायत. ती आनंदात होती, आणि का नसावीत, मनासारखी हाक मिळाली होती. येताना जीपमध्ये तिघं सारखी तोच आवाज लावून ऐकत होती. काकासाहेब खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. शब्द मोडला आणि हाती काय आलं, तर सगळी गेली एवढं कळणं. भोरीसुद्धा गेली.

त्यानंतर ते माळावर फिरायला जाईनासे झाले. म्हशीला पाणी झुंबरबाईच दाखवायला लागल्या. मध्येच साहेबरावाचा फोन आला. मोबाईलवर नाव बघून काकासाहेबांनी तो वाजत ठेवला आणि खाटेवरच्या उशीखाली सारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तेव्हा ते गोठ्यात गेले. साहेबराव काय बोलणार ते त्यांनी मनातल्या मनात शंभर वेळा ऐकून घेतलं होतं. काका, तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती.

तिकडे ट्रेलर झाला, कॉलेजात दाखवला गेला. रेणूने फोन करून सांगितलं की हाक आली तेव्हा मागच्या बाकावरची पोरं किंचाळली, आणि सरांनी विचारलं, हा आवाज कोणत्या यंत्रातून काढला. मग तिने तो मोबाईलवर पाठवला. झुंबरबाईंनी चष्मा लावून तो बघितला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मोबाईल नुसता कानाला धरला.

"लोकायला काय भ्या वाटलं ह्याच्यात, कोण जाणे," त्या म्हणाल्या. "मला तर ही हाळी ऐकली की बरं वाटायचं. आले म्हून."

काकासाहेबांनी कूस बदलली.

ट्रेलर एका मोबाईलवर थांबतो थोडाच. भागवतच्या हॉटेलात तो वाजला, प्रियदर्शनीच्या गावात घरोघरी वाजला. आणि एका संध्याकाळी साहेबरावाचा फोन पुन्हा आला तेव्हा काकासाहेब उठायच्या आत झुंबरबाईंनी तो उचलला, थोडा वेळ ऐकला आणि मोबाईल नवऱ्याच्या हातात दिला. "घ्या. खाऊन न्हाई टाकणार तो तुम्हाला."

"साहेबराव," काकासाहेब म्हणाले, "चुकलं बाबा माझं. मी शबूद मोडला."

"कवाचा फोन करून राह्यलो काका, उचलत न्हाईत तुम्ही." साहेबरावाचा आवाज रागाचा नव्हता. "त्या दिवशी खदानीवर तुमची हाळी ऐकली आन् माझ्या अंगावर काटा आला. मीच ओ देणार होतो. म्हणलं, काका आल्ते तर भेटायला कामून न्हाई आले?"

"मेंढरांनी मान वर केली न्हाई रे."

"कशी करतील? ती समदी इथं जन्मलेली, मपली हायेत. तुमच्यातली आता एकच राह्यली."

काकासाहेबांनी मोबाईल दोन्ही हातांनी धरला.

"भोरी?"

"भोरीच. म्हातारी झाली, पण कळपाला रस्ता तीच दाखवती, म्हून म्या तिला बाजार दाखवला न्हाई. त्या दिवशी तिचा खूर दुखून राह्यला होता, घरीच बांधल्ती. आन् आज काय झालं, आमची सून बेबीनंदा दारात बसून मोबाईलवर तुमचा तो ट्रेलर बघून राह्यली होती. हाळी वाजली. भोरीनं दावं तोडलं काका. लंगडत आली आन् मोबाईलला नाक लावून उभी राह्यली. बेबीनंदा घाबरली, पार बाजेवर चढून बसली. अजून हटंना ती. हे काय, समोरच हाये माझ्या."

काकासाहेबांनी मोबाईल कानाला घट्ट दाबून धरला. इतके दिवस धरून ठेवलेलं एकदम डोळ्यांतून वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

"काका, द्या ना हाळी. मोबाईल तिच्या कानाला धरतो."

"न्हाई रे. एकदा मोडला, तेवढं बास. भंडारा उचलेला हाये."

"तुम्ही कोणाला दिला शबूद? मलाच ना? मंग मीच सोडतो. बिलकुल सोडला. आता कसलं बंधन न्हाई तुमच्यावर."

काकासाहेब खाटेवरून उठले आणि अंगणात आले. मोबाईल तोंडासमोर धरला, एका पायावर भार दिला, आणि काठी हातात नसल्यामुळे दुसरा हात नुसताच हवेत राहिला. मग त्यांनी हाळी दिली. पोटातून, पुरी, काही राखून न ठेवता. शेजारच्या घरातली भांडी वाजायची थांबली. गल्लीतली पोरं, जी दोन दिवस तोच आवाज मोबाईलवर ऐकून एकमेकांना भेवडावत होती, ती खरी हाक ऐकून घराघरात पळाली. कोणीतरी दाराला कडी घातल्याचंही ऐकू आलं.

हाळी विरली. मोबाईलमध्ये थोडी खरखर झाली, आणि मग तिकडून, हसनाबादहून, एक घोगरं, म्हातारं, लांबलचक बेंऽऽ आलं.

काकासाहेब तिथेच खाली बसले. "आली ओ," एवढंच ते म्हणाले, आणि कोणाला सांगावं म्हणून मागे वळून बघितलं.

ओसरीवर कोणी नव्हतं. झुंबरबाई आत गेल्या होत्या. जेवायला अजून बराच वेळ होता, दुपारच्या भाकरी टोपल्यात शिल्लक होत्या, पण चुलीला जाळ लागला होता आणि त्या परातीत पीठ घेऊन बसल्या होत्या.